मूठभर भाराचा हिशेब

सन १६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी नीतिविषयक पासष्ट विधाने त्याज्य ठरविली. त्यांतील एक विधान किरकोळ चोऱ्यांसंबंधी आहे. थोडे थोडे करून कोणी कितीही मोठी रक्कम लांबविली, तरी ती परत करण्याचे बंधन गंभीर पापाच्या भीतीने त्याच्यावर येत नाही, असे तत्कालीन काही पंडितांचे म्हणणे होते. पोपमहोदयांनी ते नाकारले. थेंबे थेंबे तळे साचते, हे शहाणपण आपल्याकडे म्हणीत आहे. धर्मपीठाने ते पापाच्या हिशेबातही धरले.

चोरणारा एकच असेल, तर प्रश्न येथे मिटतो. परंतु समजा, द्राक्षमळ्याच्या वाटेने हजार वाटसरू गेले. प्रत्येकाने एकेक घोस तोडला. कोणी कोणाशी संगनमत केले नाही. संध्याकाळी मळा ओका पडला. आता हे नुकसान कोणाच्या नावावर मांडावयाचे? एका घोसाने मळा बुडत नाही, असे प्रत्येक जण अगदी खरेपणाने सांगू शकतो. शिवाय त्यांतला एखादा खरोखर भुकेला असेल, तर त्याला काय म्हणावे?

हा प्रश्न आज आम्ही एका अपरिचित ठिकाणी नेऊन पाहणार आहोत. इंटरनेटवर काय पाहावे आणि काय पाहू नये, मुलांच्या हाती ते किती वेळ द्यावे, याविषयी धर्मग्रामांतून पुष्कळ बोलले जाते. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क साधनांच्या परिषदेने २००२ साली इंटरनेटमधील नीतिमत्तेवर स्वतंत्र दस्तऐवज काढला. त्यात समाजांमधील विषमतेचाही विचार आहे. पण ज्या एका वहीच्या आधाराने हा सारा व्यवहार चालतो, ती वही सामान्य माणसाला कधी दिसत नाही. तिची पाने वर्षानुवर्षे वाढत आहेत, आणि प्रत्येक नव्या ओळीचा भार लिहिणाऱ्यावर न पडता इतर सर्वांवर पडतो. मळा तो हाच.

ही वही समजून घेण्यासाठी प्रथम आपल्या टपालाकडे पाहू. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. हे गृहस्थ मराठी, आणि संस्कृतचे कवी. छंदांत रमणाऱ्या माणसाने सहा अंकांची ही मात्रावृत्ते बांधली, याचे आम्हांस कौतुक वाटते. वसईचा कोड ४०१२०१. कलकत्त्याच्या सॉर्टिंग कचेरीतील माणसाला वसई कोठे आहे, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिला अंक चार दिसला की पत्र पश्चिमेकडे टाकावयाचे, एवढे त्याला पुरे. पुढचे अंक पुढच्या कचेरीने पाहावेत. प्रत्येकाने आपल्यापुरते थोडे जाणावे आणि सर्वांचे मिळून सर्व जाणले जावे, अशी ही रचना आहे. आपल्या धर्मग्रामांच्या स्नानसंस्काराच्या वह्या अशाच असतात. आपापल्या मुलांची नोंद प्रत्येक धर्मग्राम ठेवतो. जगातील प्रत्येक बालकाचे नाव प्रत्येक चर्चच्या कपाटात असावे, असा आग्रह कोणी धरीत नाही.

इंटरनेटवर मात्र नेमके तेच करावे लागते. इंटरनेट हे एक जाळे नव्हे. स्वतंत्र मालकीच्या पंचाहत्तर हजारांहून अधिक जाळ्यांचा तो मेळ आहे. कंपन्या, विद्यापीठे, सरकारी खाती, लहानमोठे सेवादार, प्रत्येकाचे स्वतःचे घर आणि स्वतःचे नियम. या घरांच्या सीमेवर राउटर नावाची यंत्रे असतात. ‘अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तिकडचे टपाल माझ्याकडे द्या’, अशी घोषणा प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्याला करते, शेजारी आपल्या शेजाऱ्याला सांगतो, आणि पाहता पाहता ती जगभर पोहोचते. जगाच्या मुख्य मार्गांवरील प्रत्येक राउटरला अशा सर्व घोषणांची यादी बाळगावी लागते. तिला तंत्रज्ञ राउटिंग टेबल म्हणतात. आम्ही तिला वही म्हणू. ज्या नियमांनी ही देवाणघेवाण चालते, त्यांचे नाव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन येथे भरलेल्या अभियंत्यांच्या बैठकीत कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी दुपारच्या जेवणाच्या वेळी हात पुसण्याच्या कागदांवर त्याचा आराखडा काढला. तात्पुरती सोय म्हणून निघालेली ती गोष्ट आजतागायत जग वाहते आहे.

या व्यवस्थेला राजा नाही. काय घोषित करावे आणि कोणाचे ऐकावे, हे प्रत्येक जाळे आपल्या बुद्धीने ठरविते. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात सांगितले की, लहान घटकाला जे करता येते ते मोठ्याने आपल्या हाती घेऊ नये. त्या तत्त्वाचे इतके निर्भेळ उदाहरण सरकारी कारभारात शोधूनही सापडणार नाही. मात्र त्याच शिकवणुकीची दुसरी बाजू म्हणजे सर्वांचे हित. येथे तिचा रखवालदार कोण, हे सांगता येत नाही.

आरंभी पत्त्यांचे गठ्ठे तीनच मापांचे होते: एक कोटी सदुसष्ट लाखांचा, पासष्ट हजारांचा आणि अडीचशेचा. दोन हजार संगणकांच्या संस्थेला अडीचशे अपुरे, म्हणून ती पासष्ट हजारांचा गठ्ठा मागे आणि उरलेले वाया जात. नाहीतर लहान लहान आठ गठ्ठे घेई, आणि वहीत आठ ओळी वाढत. १९९०च्या दशकाच्या आरंभी दोन्ही संकटे एकदम दिसू लागली: मधल्या मापाचे गठ्ठे संपत चालले, आणि वही यंत्रांच्या आवाक्याबाहेर वाढू लागली. १९९३ साली नवी पद्धत ठरली. गठ्ठा गरजेच्या मापाचा द्यावा, आणि शेजारशेजारचे गठ्ठे एकाच ओळीत बांधून घोषित करावेत. म्हणजे वेलणकरांच्या पिनकोडाचीच तऱ्हा. ती पद्धत लागू करण्यासाठी कोणत्याही न्यायालयाने हुकूम काढला नाही. अभियंत्यांनी आपापल्या ओळी आवरल्या, आणि १९९४ च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेल्या वहीची वाढ काही वर्षे संथ झाली. हुकमाविना घडलेला हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटतो. तो टिकला नाही, ही पुढची कथा. २००१ पर्यंत वही लाखावर गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये तिने पाच लाख बारा हजारांची रेघ ओलांडली. आज ती दहा लाखांच्या घरात आहे.

ही वाढ कशाने झाली? नवी घरे आली म्हणून काही ओळी वाढल्या. गावात वस्ती वाढली तर मतदारयादी लांबणारच. त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. परंतु वहीतील निम्म्याहून अधिक ओळी अशा आहेत की, ज्यांचा समावेश करणारी मोठी ओळ वहीत आधीच असते. म्हणजे ‘वसई माझी’ असे लिहिल्यावर पुन्हा ‘पापडी माझी’, ‘गिरीज माझे’ असे वेगळे लिहिणे. कारण या व्यवस्थेचा एक अटळ नियम आहे: दोन ओळी जुळल्या, तर अधिक नेमकी ओळ जिंकते. एखाद्या कंपनीने दोन पुरवठादारांकडून जोडणी घेतली, तर आपल्या पत्त्यांचे तुकडे करून अर्धे टपाल एका वाटेने व अर्धे दुसऱ्या वाटेने तिला बोलावता येते. सोय तिची होते. तुकड्यांच्या ओळी मात्र नैरोबीपासून साव पावलोपर्यंतच्या प्रत्येक मोठ्या राउटरने वागवावयाच्या. या ओळींसाठी लागणारी अतिवेगवान स्मृती महाग असते आणि वीजही पुष्कळ खाते. ओळ लिहिणाऱ्याला तिचे बिल कधी येत नाही.

तिसरा प्रकार भीतीचा. पाकिस्तान सरकारने २००८ च्या फेब्रुवारीत यूट्यूब देशात बंद करण्याचा आदेश दिला. तेथील दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या एक हजार चोवीस पत्त्यांपैकी दोनशे छप्पन पत्ते स्वतःकडे असल्याची घोषणा केली. हेतू देशापुरता होता, पण ती ओळ हाँगकाँगच्या वाटेने जगात निसटली. नेमकी ओळ जिंकते, या नियमाने २४ फेब्रुवारी रोजी जगाचे यूट्यूबकडे जाणारे टपाल सुमारे दोन तास पाकिस्तानच्या दिशेने वाहत राहिले. यूट्यूबने काय करावे? त्यांनी तेच तुकडे स्वतः घोषित केले, आणि मग त्यांचेही अर्धे अर्धे तुकडे केले. चोराने कडी काढू नये म्हणून दाराला दुसरे दार लावावे, तसे. तेव्हापासून कोणी आपले पत्ते आगाऊ फोडून ठेवतो, तर त्याला हावरा म्हणणे कठीण. स्वसंरक्षणाचा हक्क आपली शिकवणूक मान्य करते. तरीही त्याच्या दुसऱ्या दाराचे वजन शेजाऱ्याच्या भिंतीवर पडते.

पडते म्हणजे काय, हे १२ ऑगस्ट २०१४ रोजी दिसले. अनेक जुन्या राउटरांत सुमारे पाच लाख बारा हजार ओळींचीच जागा होती. त्या दिवशी अमेरिकेतील एका बड्या जाळ्याकडून सुमारे पंधरा हजार तुकड्यांच्या ओळी अल्पकाळ बाहेर पडल्या. वह्या भरून सांडल्या, आणि ठिकठिकाणची सेवा विस्कळीत झाली. ज्यांनी ओळी सोडल्या त्यांची यंत्रे नवी होती. कोसळली ती जुनी. दर चार वर्षांनी नवे यंत्र घेणे कोणाला जमते आणि कोणाला जमत नाही, हे वाचकांना सांगावयास नको.

यावर तंत्रज्ञांचे एक उत्तर आहे, आणि ते प्रामाणिक आहे. ते म्हणतात, ही वही जगाला बुडविणार अशी भाकिते तीस वर्षे होत आली. दर वेळी स्मृती स्वस्त झाली, यंत्रे मोठी झाली, आणि गाडा चालत राहिला. अलीकडे तर वाढीचा वेगही मंदावला आहे. हे सर्व खरे. प्रलयाची भीती घालून नीती शिकविणाऱ्यांत आम्हांस बसावयाचे नाही. परंतु बैलाने ओझे ओढले, एवढ्यावरून ते लादणे योग्य होते असे ठरत नाही. सहन झालेला भार आणि न्याय्य भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग दोष कोणाचा? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या ‘सॉलिसितुदो रेई सोशियालिस’ या परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी लिहिले आहे. अन्याय कधीकधी व्यवस्थेतच मुरलेला असतो, पण त्याची मुळे माणसांच्या प्रत्यक्ष कृत्यांत असतात, असे त्यांचे प्रतिपादन. ‘व्यवस्थाच अशी आहे’ म्हणून हात झटकणाऱ्याला ते सुटू देत नाहीत. पण प्रत्येक ओळीला पाप म्हणावे, असेही आम्हांस वाटत नाही. येथे जुन्या कराराचा एक नियम आठवतो. अनुवादाच्या ग्रंथात वाटसरूला शेजाऱ्याच्या मळ्यात पोटभर द्राक्षे खाण्याची मुभा आहे. पाटीत भरून नेण्याची नाही. नियमकर्त्याने घोस मोजले नाहीत. त्याने भूक आणि साठा यांत रेघ ओढली. वहीच्या बाबतीत ही रेघ फार उपयोगी पडते. दोन वाटांची खरी गरज असणाऱ्या इस्पितळाची ओळ ही भूक. चोरीच्या भीतीने फोडलेले पत्ते हीही, धोका असेपर्यंत, भूकच. परंतु कोणा माजी कर्मचाऱ्याने पाच वर्षांपूर्वी कसल्याशा चाचणीसाठी घातलेली, आज कोणाच्याच कामाची नसलेली आणि काढण्याचे कष्ट कोणी न घेतलेली ओळ ही पाटी. घोषणा मागे घेण्याची सोय त्या प्रोटोकॉलमध्ये पहिल्यापासून आहे. तिला पैसा लागत नाही. लागते ते कोणीतरी बसून आपली यादी वाचणे. प्रायश्चित्त संस्कारापूर्वीच्या आत्मपरीक्षणात आपण हातून घडलेल्या गोष्टी आठवतो. करावयाच्या राहून गेलेल्या गोष्टींशी मात्र फार वेळ थांबत नाही. या वहीचा बराचसा फुगवटा त्या दुसऱ्या सदरातला आहे.

हे सदर दाखवून देण्याचा एक प्रयत्न झाला आणि आजही होतो. १९९०च्या दशकात टोनी बेट्स यांनी एक साप्ताहिक अहवाल सुरू केला. पुढे ऑस्ट्रेलियातील जेफ हस्टन यांनी तो चालविला. कोणते जाळे किती ओळी लिहिते, आणि नीट बांधल्या तर त्यांतल्या किती वाचतील, याची नावनिशीवार यादी त्यात असते. आरंभी लोक लाजले, ओळी आवरल्या. पुढे लाज बोथट झाली. तीच ती नावे यादीत दिसू लागली. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने बंधूला समजावण्याचा क्रम सांगितला आहे: आधी एकान्तात, मग दोघातिघांसह, आणि शेवटी मंडळीसमोर. अहवालाने शेवटची पायरी आधी घेतली, असे एखाद्याला वाटेल. पण पंचाहत्तर हजार घरांत एकान्त कोठून आणावा?

दुसरा उपाय दंडाचा. १९९०च्या दशकाच्या मध्यास स्प्रिंट या बड्या अमेरिकन कंपनीने ठरविले की, नव्या पत्त्यांच्या प्रदेशातील ठराविक मापाहून लहान तुकड्यांच्या ओळी आपण ऐकणारच नाही. वहीची काळजी म्हणून ते समजण्याजोगे होते. पण जुन्या प्रदेशात जे आधीच येऊन बसले होते, त्यांच्या लहान ओळी शाबूत राहिल्या. बंद झाले ते नंतर आलेल्यांसाठी दार. आज रूढी अशी आहे की, दोनशे छप्पन पत्त्यांपेक्षा लहान तुकडा बहुतेक जाळी ऐकत नाहीत. ही रूढी सर्वांना सारखी आहे, म्हणून बरी. तिचा परिणाम मात्र मौजेचा: वहीतील निम्म्याहून अधिक ओळी आता नेमक्या त्याच मापाच्या आहेत. कुंपण जेथे घातले, तेथपर्यंत सर्व गुरे चरत आली.

नव्या भूमीचीही आशा होती. पत्त्यांची दुसरी, अपार मोठी मालिका १९९५ पासून आखली गेली. तीत प्रत्येकाला एकच प्रशस्त गठ्ठा मिळावा आणि वही आटोपशीर राहावी, असा मनसुबा होता. तिची वही आज दोन लाखांवर आहे आणि तीतही तुकडेच पुष्कळ. जमीन नवी, कुळे तीच. ओळ खऱ्या मालकाचीच आहे हे पडताळण्याची डिजिटल दाखल्यांची पद्धतही २०११ पासून आली असून जुन्या मालिकेतील निम्म्याहून अधिक ओळींना आता असे दाखले आहेत. त्यामुळे भीतीपोटी लिहिलेल्या ओळी तरी कमी व्हाव्यात, अशी आमची अपेक्षा आहे.

उशिरा आलेल्यांचा विषय निघाला, तो तसाच सोडवत नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पुरा दिनार मिळतो. इंटरनेटच्या मळ्यात उलटे घडले. पहाटे आलेल्या काही अमेरिकन संस्थांना एक कोटी सदुसष्ट लाख पत्त्यांचे अखंड गठ्ठे मागताक्षणी मिळाले. जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. आशिया-पॅसिफिक विभागात त्यानंतर येणाऱ्या सभासदाला शिल्लक साठ्यातून अधिकाधिक एक हजार चोवीस पत्ते मिळत. २०१९ पासून पाचशे बारा. आज आपल्या भागात कोणी केबलवाला नवा सेवादार होऊ पाहील, तर त्याला या चिमटीभर पत्त्यांवर संसार थाटावा लागेल, आणि अधिक हवे असतील तर बाजारातून येथून एक तुकडा, तेथून एक, असे विकत घ्यावे लागतील. ते सलग नसतात म्हणून बांधता येत नाहीत, आणि प्रत्येकाची वेगळी ओळ होते. यादीत त्याच्या नावापुढे अनेक ओळी दिसतील. ज्याच्याजवळ कोट्यवधी पत्त्यांचा सलग गठ्ठा आहे, त्याच्या नावापुढे कदाचित एकच. नुसत्या ओळी मोजून दोष ठरवू गेलो, तर मळ्यातला सर्वांत सालस माणूस तो मोठा जमीनदारच ठरेल.

त्या पहाटेच्या मजुरांपैकी दोघांचा वृत्तान्त येथे नोंदविण्याजोगा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०१७ साली आपल्या गठ्ठ्यातील सुमारे ऐंशी लाख पत्ते विकण्याचे जाहीर केले. ते गैर नव्हते. बाजार तोवर रूढ झाला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळही ‘३६’ या आकड्याने सुरू होणारा तेवढाच मोठा गठ्ठा होता. तो त्यांनी २००० साली कोणी सक्ती केली नसता, एक पैसाही न घेता, सर्वांच्या साठ्यात परत केला. ऑक्टोबर २०१० मध्ये, साठा संपण्याच्या काही महिने आधी, तोच गठ्ठा आशिया-पॅसिफिक विभागाच्या वाट्याला आला आणि येथील देशांतील जाळ्यांना वाटला गेला. जेथे एकाच विद्यापीठाचे टपाल जात असे, त्या पत्त्यांवर आज आशियातील कितीतरी घरे आहेत. आणि अर्थातच, स्टॅनफर्डकडे असताना ज्या गठ्ठ्याला वहीत एक ओळ पुरली असती, त्याच्या जागी आता पुष्कळ ओळी आहेत. जगातील प्रत्येक मोठा राउटर त्या वाहतो आहे.